‘पी’पाशीं अडलेली मोटार

गेल्या उन्हाळ्यांतील एका सकाळची गोष्ट. आमच्या इमारतीच्या आवारांतून शेजारचे एक गृहस्थ सहकुटुंब लग्नास निघाले होते. सामान मोटारींत चढलें होतें, घरचीं माणसें बसलीं होतीं, एंजिन सुरू झालें होतें. परंतु मोटार जागची हलेना. मोटार स्वयंचलित गिअरची होती. तिचा गिअरचा दांडा ‘पी’ या अक्षरापाशीं उभा होता आणि कितीहि ओढला तरी तेथून सरकत नव्हता. गृहस्थांनीं एंजिन बंद करून पुन्हां सुरू केलें, दांडा दोन्ही हातांनीं हिसकून पाहिला, शेवटीं मोटार करणाऱ्या कारखान्याच्या नांवानें बोटें मोडलीं. मुहूर्त जवळ येत चालला होता. अखेर कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला एक तरुण मेकॅनिक आला. त्यानें दांड्यास हातहि लावला नाहीं. तो मोटारीच्या मागें जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “काका, ब्रेक दाबा.” ब्रेक दाबला. मागचे तांबडे दिवे लागले नाहींत. “मग दांडा कसा सुटेल?” असें म्हणून तो हसला. त्यानें पुढच्या फळीखालचा एक जळलेला फ्यूज बदलला. दिवे लागले, आणि ज्या दांड्याशीं घरचीं तीन माणसें झगडत होतीं तो दोन बोटांनीं खालीं आला.

निघतां निघतां गृहस्थ त्याला म्हणाले, “परत आल्यावर हें कुलूप कायमचें काढूनच टाक, बाबा. पुन्हां ही कटकट नको.” तरुण कांहीं बोलला नाहीं. माझ्या मनांत मात्र प्रश्न राहिला. मागचा दिवा लागत नाहीं एवढ्यावरून पुढचा दांडा अडावा, हा कोणता न्याय? हें कुलूप कोणीं, केव्हां आणि कशासाठीं बसविलें? त्याचा माग काढतांना जो इतिहास हातीं लागला तो आज आपणांस सांगावयाचा आहे. त्यांत यंत्रें आहेतच. परंतु माणसाचा पाय आणि माणसाचा अभिमान यांचाहि त्यांत मोठा भाग आहे.

प्रथम ‘पी’ म्हणजे काय तें पाहूं. आपल्या नेहमींच्या, क्लच असलेल्या मोटारींत एंजिन आणि चाकें यांचा सांधा दांतेरी चाकांनीं पक्का जुळलेला असतो. अशी मोटार चढावर उभी करतांना चालक तिला गिअरमध्यें ठेवतो, एंजिन बंद करतो आणि हाताचा ब्रेक ओढतो. बंद एंजिन सहजासहजीं फिरत नसल्यामुळें तें चाकांसहि धरून ठेवतें. स्वयंचलित गिअरच्या मोटारींत हा सांधा तेलाच्या आधारें जुळतो. एंजिन थांबलें कीं तेलाचा दाब ओसरतो आणि चाकें मोकळीं होतात. अशी मोटार उतारावर उभी केली तर तिला धरावयाचें कोणीं, हा प्रश्न या शोधाच्या जन्मापासूनच उभा होता.

अमेरिकेंत जनरल मोटर्स या कंपनीनें १९३९ च्या अखेरीस ‘हायड्रामॅटिक’ नांवाचा स्वयंचलित गिअर बाजारांत आणला. १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींवर तो प्रथम मिळूं लागला. क्लचचें पेडल नाहींसें झालें, आणि डाव्या पायास विश्रांति मिळाली. या पहिल्या गिअरवर ‘पी’ हें अक्षरच नव्हतें. मोटार उभी करतांना एंजिन बंद करून दांडा उलट्या गतीच्या खुणेवर न्यावयाचा, म्हणजे आंतील चाकें एकमेकांत अडकून बसत, अशी सोय होती. पुढें १९४८ सालीं त्याच कंपनीच्या ब्यूक मोटारींवर ‘डायनाफ्लो’ गिअर आला व त्यावर ‘पी’, म्हणजे पार्क, ही स्वतंत्र जागा मिळाली. दांडा तेथें नेला कीं पोलादाचा एक लहानसा अडसर गिअरच्या पेटींतील दांतेरी चाकाच्या खांचेंत जाऊन बसतो. जुन्या वाड्याच्या दाराला आंतून अडसर लावावा, तशीच ही युक्ति आहे. आजतागायत ‘पी’चें मूळ काम हेंच आहे.

अडसर मिळाला, परंतु दांड्याच्या वाटेवरचीं अक्षरें कोणत्या क्रमानें असावींत, याविषयीं एकमत नव्हतें. डायनाफ्लोवर उलटी गति अगदीं शेवटीं, पुढें जाण्याच्या सावकाश गतीला लागून होती. दांडा एक घर अधिक सरकला कीं पुढें जावयाची मोटार मागें येई. फोर्ड कंपनीनें १९५१ च्या आपल्या गिअरवर पार्क, उलटी गति, मोकळी जागा, पुढची गति आणि सावकाश गति असा क्रम ठेवला. क्रायस्लर कंपनीनें १९५६ च्या मोटारींवर दांडाच काढून बटणें बसविलीं, व आरंभीं त्या बटणांत ‘पी’चें बटण नव्हतें. आज एक मोटार, उद्यां दुसरी, असें चालविणाऱ्या माणसाच्या हाताचा गोंधळ होणें स्वाभाविक होतें. शेवटीं अमेरिकन सरकारनें १९६८ पासून नियम लागू केला कीं, पुढची गति व उलटी गति यांच्यामध्यें मोकळी जागा असलीच पाहिजे. हाताची चूक गृहीत धरून यंत्राची रचना करावी, हें तत्त्व येथें सरकारी नियमांत आलें.

यानंतरचें प्रकरण फोर्ड कंपनीच्या मोटारींचें आहे. १९६६ ते १९८० या काळांत बनलेल्या तिच्या अनेक मोटारींविषयीं एक विलक्षण तक्रार येऊं लागली. चालक दांडा ‘पी’वर ठेवी, एंजिन चालू ठेवून क्षणभर खालीं उतरे, आणि मोटार आपोआप मागें जाऊं लागे. कोणी दार उघडण्यास उतरलेला असे, कोणी मागचें सामान काढीत असे. सरकारी तपासांत असें पुढें आलें कीं, दांडा ‘पी’ व उलटी गति यांच्या मधल्या धारेवर टेकून राहूं शकतो. चालकास वाटतें, दांडा ‘पी’त बसला. प्रत्यक्षांत अडसर खांचेंत गेलेलाच नसतो. एंजिनाच्या कंपानें वा दाराच्या धक्क्यानें दांडा घसरतो आणि मोटार मागें येते. नव्वदांहून अधिक मृत्यूंचीं गाऱ्हाणीं सरकारी कचेरींत नोंदलीं गेलीं. कंपनीचें म्हणणें असें कीं, दोष चालकांचा आहे. त्यांनीं दांडा नीट बसविला नाहीं. डिसेंबर १९८० मध्यें तडजोड झाली. मोटारी परत बोलावून दुरुस्त करण्याऐवजीं सुमारे २ कोटी ३० लक्ष मोटारींच्या मालकांकडे कंपनीनें टपालानें एक चिकटपट्टी धाडावी असें ठरलें. मोटारींतून उतरण्यापूर्वीं दांडा ‘पी’त नीट बसवा, हाताचा ब्रेक लावा व एंजिन बंद करा, असा इशारा त्या पट्टीवर होता.

मी आयुष्यभर शाळेंत शिकविलें. फळ्यावर सूचना लिहिली म्हणजे मुलें चुकावयाचीं थांबतात, असा माझा अनुभव नाहीं. मोटारवाल्यांची गोष्ट निराळी असण्याचें कारण नाहीं. चिकटपट्टी दोष कोणाचा हें ठरविण्यास उपयोगी पडेल. परंतु घसरणारा दांडा ती थोपवीत नाहीं.

आतां आपण आपल्या कुलपाच्या जन्माकडे येतों. जर्मनीच्या ऑडी कंपनीची ‘ऑडी ५०००’ ही मोटार १९७८ सालापासून अमेरिकेंत खपत होती. मोटार उत्तम, सुखवस्तु कुटुंबांची आवडती. परंतु तिच्याविषयीं शेंकडों लोक एकच गोष्ट सांगूं लागले. “मोटार सुरू केली, दांडा ‘पी’वरून काढला, आणि तिनें एकाएकीं उसळी घेतली. मी जिवाच्या आकांतानें ब्रेक दाबीत होतों, तरी ती थांबली नाहीं.” भिंती कोसळल्या, माणसें मेलीं. एका आईच्या मोटारीपुढें तिचा सहा वर्षांचा मुलगा होता. तो गॅरेजचें दार उघडण्यास उतरला होता. मोटारीनें उसळी घेतली आणि तो मुलगा गेला. २३ नोव्हेंबर १९८६ रोजीं ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय कार्यक्रमानें हें प्रकरण देशापुढें मांडलें. पेडल आपोआप खालीं जातें व मोटार धांवूं लागते, असें एक दृश्य त्यांत दाखविलें गेलें. त्या मोटारींत त्यासाठीं मुद्दाम फेरफार केलेला होता, ही गोष्ट मात्र प्रेक्षकांस नीट समजली नाहीं. १९८५ सालीं अमेरिकेंत ऑडीच्या सुमारे ७४ हजार मोटारी खपल्या होत्या. १९९१ सालीं हा आंकडा १२ हजारांच्या आसपास आला.

अमेरिकन सरकारच्या वाहतूक खात्यानें या प्रकरणाचा सविस्तर तपास करविला. त्याचा अहवाल १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. केवळ ऑडीच नव्हे, तर इतर कंपन्यांच्याहि अशा मोटारी तज्ज्ञांनीं तपासल्या. त्यांनीं साधा प्रश्न विचारला. मोटार उभी आहे, ब्रेक सुस्थितींत आहेत, आणि चालक ब्रेक खरोखरच जोरानें दाबीत आहे. अशा वेळीं एंजिन कितीहि गर्जलें तरी मोटार पुढें जाऊं शकेल काय? प्रयोगाचें उत्तर आलें कीं, नाहीं. उभ्या मोटारीचे ब्रेक एंजिनाच्या पूर्ण जोरास पुरून उरतात. अपघातानंतर तपासलेल्या मोटारींचे ब्रेकहि बहुधा चांगलेच आढळले. तेव्हां एकच निष्कर्ष उरला. चालकाचा पाय ब्रेकवर नव्हताच. तो शेजारच्या पेडलवर, एंजिनास वेग देणाऱ्या पेडलवर होता.

हें ऐकून त्या लोकांस काय वाटलें असेल! आपल्या हातून, नव्हे आपल्या पायानें, आपलेंच मूल गेलें, असें कोणती आई सहज मान्य करील? आणि ते खोटें बोलत होते असेंहि नव्हे. पाय कोठें पडला हें आपण पाहत नाहीं, सवयीनें समजतों. चालक नुकताच बसलेला असतो, अंग किंचित् वळलेलें असतें, नजर मागें असते. पाय दोन बोटें उजवीकडे पडतो. मोटार हलते. माणूस घाबरतो आणि ज्यास तो ब्रेक समजतो तें पेडल आणखी जोरानें दाबतो. जितकें दाबावें तितकी मोटार धांवते, आणि जितकी ती धांवते तितकी त्याची खात्री पटते कीं, ब्रेक निकामी झाला. हें सर्व कांहीं सेकंदांत घडतें. अहवालानें यंत्रासहि अगदींच निर्दोष ठरविलें नाहीं. या मोटारींत पेडलांची रचना अशी होती कीं, पायाची चूक होणें सोपें जावें. एंजिनाची संथ गति राखणाऱ्या यंत्रणेंत बिघाड झाला म्हणजे मोटारीस लहानसा धक्का बसे आणि चालक दचके, हेंहि त्यांत नमूद केलें होतें.

परंतु, श्रोतेहो, या इतिहासांतील खरी शहाणपणाची गोष्ट अहवाल येण्यापूर्वींच घडली होती. कंपनी म्हणे, दोष पायाचा; लोक म्हणत, दोष मोटारीचा. हा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षें चालणार होता. तो मिटण्याची वाट न पाहतां १९८७ च्या आरंभीं ऑडीनें सुमारे अडीच लक्ष मोटारी परत बोलावून त्यांत एक छोटें कुलूप बसविण्यास प्रारंभ केला. ब्रेकचें पेडल प्रत्यक्ष दबल्याशिवाय दांडा ‘पी’वरून सुटूं नये, एवढेंच त्या कुलपाचें काम. दोष पायाचा असो वा मोटारीचा, उपाय एकच पुरत होता. मोटार हलण्यापूर्वीं पाय ब्रेकवरच आहे याचा पुरावा दांडा मागूं लागला. ज्यास आपली चूक कबूल करावयाची नव्हती, त्यास ती कबूल करण्याची गरज उरली नाहीं. कुलूप बसलेल्या मोटारींत अशा अपघातांचें प्रमाण पुष्कळच घटलें, आणि इतर कंपन्यांनींहि हळूहळू तेंच कुलूप स्वीकारलें.

आतां मागचा दिवा आणि पुढचा दांडा यांचें नातें उलगडेल. ब्रेकच्या पेडलपाशीं एक लहान खटका असतो. पेडल दबलें कीं तो मागच्या तांबड्या दिव्यांस वीज देतो, आणि पुष्कळ मोटारींत त्याच खटक्याची खबर दांड्याच्या कुलपासहि मिळते. तेथें एक विजेचें लोहचुंबक असतें. खबर आली कीं तें कुलपाची खिट्टी मागें ओढतें. खटका झिजला, फ्यूज जळला, तार तुटली किंवा बॅटरी मेली, तर खबर पोंचत नाहीं. कुलूप बिचारें समजतें कीं, कोणीं ब्रेक दाबलाच नाहीं. म्हणून तें आपलें कर्तव्य करीत राहतें.

यास्तव मोटार ‘पी’पाशीं अडली तर हिसकाहिसकी न करतां क्रमानें विचार करावा. किल्ली पूर्ण फिरली आहे ना? बटणानें सुरू होणारी मोटार खरोखर सुरू आहे ना? ब्रेक अर्धवट न दाबतां पक्का दाबला आहे ना? मग कोणास तरी मागें उभें करून तांबडे दिवे लागतात काय तें पाहावें. न लागल्यास फ्यूज किंवा खटका यांचा संशय धरावा. दिवे लागत असूनहि दांडा सुटत नसेल तर दोष कुलपांत किंवा दांड्याच्या जोडणींत असण्याचा संभव. मोटार उतारावर असेल तर आणखी एक कारण असूं शकतें. तिचा सर्व भार त्या पोलादी अडसरावर पडलेला असतो, आणि दाराला कोणी बाहेरून रेटीत असतां अडसर निघूं नये तसें होतें. अशा वेळीं कोणी मोटार किंचित् चढाच्या बाजूस रेटली कीं दांडा सुटतो. मात्र रेटणाऱ्यानें उताराच्या बाजूस उभें राहूं नये. पुढच्या वेळीं हाताचा ब्रेक आधीं ओढून, मोटारीचा भार त्यावर घेऊन, मग दांडा ‘पी’वर न्यावा, म्हणजे हा प्रसंगच येत नाहीं. पुष्कळ मोटारींत दांड्याजवळ एक लहान झांकण असतें. त्याखालच्या खांचेंत किल्ली किंवा पेचकस दाबून कुलूप हातानें सोडवितां येतें. तसें करण्यापूर्वीं हाताचा ब्रेक ओढावा व पाय ब्रेकवर ठेवावा. आणि तांबडे दिवेच बंद असतील तर त्या मोटारीनें लांबचा प्रवास करूं नये, कारण आपण थांबलों हें मागून येणाऱ्यास कळणार नाहीं. थेट गॅरेज गांठावें.

कुलपाची कथा येथें संपत नाहीं. उभ्या मोटारींत खेळणारीं लहान मुलें दांडा ओढतात आणि मोटार घरंगळत जाते, असे अपघात अमेरिकेंत होत होते. म्हणून सप्टेंबर १९९२ पासून तेथें नियम झाला कीं, दांडा ‘पी’वर असल्याशिवाय किल्ली निघूं नये व किल्ली काढल्यावर दांडा अडून राहावा. पण किल्ली मोटारींतच राहिली तर? पुढें २००८ च्या फेब्रुवारींत मुलांच्या सुरक्षिततेचा एक कायदा मंजूर झाला. मागें येणाऱ्या घरच्याच मोटारीखाली २००२ सालीं सांपडून मेलेल्या एका दोन वर्षांच्या मुलाचें नांव त्या कायद्यास आहे. मोटारीच्या मागचें दिसावें, या तरतुदीबरोबरच ब्रेक दाबल्याशिवाय दांडा ‘पी’वरून सुटूं नये ही तरतूदहि त्यांत आली, आणि १ सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या मोटारींस ती बंधनकारक झाली. ऑडीनें आपली अब्रू सांवरण्यासाठीं बसविलेलें कुलूप तेवीस वर्षांनीं कायद्याचा भाग झालें.

तरीहि माणसाची चूक नवी वाट काढतेच. कांहीं जीप मोटारींत असा दांडा बसविला होता कीं, तो हलविल्यावर पुन्हां मधल्या जागीं येऊन उभा राही. दांडा कोठें आहे हें हातास समजेनासें झालें. मोटार ‘पी’वर आहे असें समजून लोक उतरत आणि ती घरंगळे. एप्रिल २०१६ मध्यें उत्पादकांनीं जगभरांतील सुमारे ११ लक्ष मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनीं, जूनमध्यें, अँटन येल्चिन हा तरुण नट लॉस एंजलिस येथें आपल्याच घराच्या उतारावर अशाच एका मोटारीखाली चिरडून मरण पावला. चिकटपट्टीच्या काळांतील जुनाच धडा पुन्हां एकदां गिरवावा लागला.

आपल्याकडे स्वयंचलित गिअरच्या मोटारी आतां मुंबई-पुण्यांत नित्याच्या झाल्या आहेत, आणि येथें एक सावधगिरी अवश्य बाळगावी. २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओबरोबर जी स्वस्त पद्धत आपल्या देशांत लोकप्रिय झाली, तींत गिअरची पेटी जुन्याच धर्तीची असते. क्लच तेवढा यंत्र दाबतें. अशा बहुतेक मोटारींत ‘पी’ हें अक्षर नसतें व तो अडसरहि नसतो. ती मोटार उभी करतांना जुन्या रीतीप्रमाणें गिअरमध्यें ठेवून हाताचा ब्रेक ओढलाच पाहिजे. घरांत दोन तऱ्हांच्या दोन मोटारी असतील, तर एकीची सवय दुसरींत घातक ठरूं शकते.

लग्नाहून परतल्यावर शेजारचे गृहस्थ माझ्याकडे चहास आले, तेव्हां मीं त्यांना हीच हकीकत सांगितली. कुलूप काढावयाचें कीं ठेवावयाचें हें त्यांच्या मोटारीपुरतें त्यांनींच ठरवावयाचें होतें. ते बराच वेळ बोलले नाहींत. नंतर म्हणाले, “मास्तर, आमचा नातू सारखा पुढच्या आसनावर बसून दांडा ओढीत असतो. त्या दिवशींहि ओढीत होता.” दुसऱ्या दिवशीं तो तरुण मेकॅनिक आला. त्यानें पेडलजवळचा झिजलेला खटका बदलला, मागचे दिवे तपासले, आणि कुलूप होतें तेथें राहूं दिलें.